क्रीडासंघाची पुनर्बांधणी

क्रीडासंघाची पुनर्बांधणी : सांघिक खेळांत सातत्याने पराभूत होणाऱ्या संघाची घडण, दोन हंगामांमधील मोकळ्या काळात, नव्याने करण्याची प्रक्रिया. पराभवांच्या कारणांची चिकित्सा, खेळाडूंची फेरनिवड, शारीरिक क्षमतेची जोपासना, कौशल्यांतील दोषांची दुरुस्ती आणि संघातील कामांची वाटणी या तिच्या प्रमुख पायऱ्या होत. एक हंगाम संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतच्या काळास येथे ‘विरामकाळ’ म्हटले आहे. विरामकाळात एकही सामना जिंकता येत नाही. परंतु पुढील हंगामात कोणते सामने जिंकता येतील, हे पुष्कळ अंशी याच काळात ठरते. महाराष्ट्रात या प्रक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण विदर्भाच्या क्रिकेट संघाचे आहे. रणजी करंडक स्पर्धेत १९५७-५८ मध्ये प्रथम उतरलेल्या या संघाने साठ वर्षांनंतर, २०१७-१८ मध्ये, पहिले विजेतेपद मिळविले.

विरामकाळाचे स्वरूप : विरामकाळ केव्हा येतो, हे हवामान व खेळाचा प्रकार यांवर अवलंबून असते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूच्या आरंभी सुरू होऊन शरद ऋतूत संपतो व हिवाळा मोकळा राहतो. भारतात मैदानी खेळांचा विराम सामान्यतः उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत असतो. मुंबईतील कांगा लीग ही १९४८ मध्ये सुरू झालेली क्रिकेट स्पर्धा या बाबतीत अपवादात्मक ठरली. ती दीर्घकाळ भर पावसाळ्यात खेळविली गेली. ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्टीवर चेंडू उशिरा व सावधपणे खेळण्याची सवय मुंबईच्या अनेक पिढ्यांतील फलंदाजांना तिने लावली. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर इतरांच्या विरामाचा काळ मुंबईने शिक्षणाचा काळ बनविला.

कुस्तीच्या क्षेत्रात ही कल्पना फार पूर्वीपासून रुजलेली आहे. कोल्हापूर परिसरातील गावजत्रांची मैदाने प्रामुख्याने सुगीनंतर व उन्हाळ्यात भरतात. पावसाळ्यात मल्ल तालमीत राहून जोर, बैठका, हौद्यातील माती खणणे व जोडीदारांबरोबर लढती यांत शरीर कमावतो. मेहनत, खुराक व विश्रांती यांचा मेळ वस्ताद घालून देतो. मैदानात मिळणारे यश हे या चार-पाच महिन्यांच्या कमाईचे फळ असते, हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही. सांघिक खेळांत मात्र हा विचार उशिरा व अपुरा रुजला.

हंगाम चालू असताना मूलभूत दुरुस्ती करणे कठीण असते. गोलंदाजाची धाव किंवा फलंदाजाची पकड बदलली, तर प्रारंभी त्याचा खेळ सुधारण्याऐवजी बिघडतो. कारण जुनी सवय मोडलेली असते व नवी अद्याप अंगवळणी पडलेली नसते. पुढचा सामना चार दिवसांवर असताना असा बिघाड कोणताही संघ पत्करीत नाही. परिणामी हंगामात केवळ डागडुजी होते व दोष तसाच पुढे जातो. विरामकाळाचे खरे मोल येथे आहे. त्या काळात चुका करण्याची मुभा असते व त्यांची किंमत गुणतक्त्यात मोजावी लागत नाही.

पराभवांची चिकित्सा : पुनर्बांधणीची पहिली पायरी म्हणजे संघ नेमका किती वाईट आहे, हे ठरविणे. केवळ जय-पराजयांची संख्या त्यासाठी पुरेशी नाही. थोडक्यात हरलेले सामने व दारुण पराभव यांचे मूळ वेगळे असते. बेसबॉलचे अमेरिकन अभ्यासक बिल जेम्स यांनी यासाठी एक सोपे सूत्र मांडले. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा. त्यास, केलेल्या धावांचा वर्ग व प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या धावांचा वर्ग यांच्या बेरजेने भागावे. येणारा अपूर्णांक हा संघाच्या अपेक्षित विजयांचे प्रमाण दाखवितो. उदा., १६२ सामन्यांच्या हंगामात ६०० धावा करणाऱ्या व ७०० धावा देणाऱ्या संघाने सुमारे ६९ सामने जिंकणे अपेक्षित असते. त्याने प्रत्यक्षात ५८ च जिंकले असतील, तर उरलेल्या अकरा सामन्यांत दैव प्रतिकूल होते, असे मानण्यास जागा आहे. अशा संघाने घाबरून सर्व खेळाडू बदलणे अनाठायी होय. याउलट, त्याने ८० सामने जिंकले असतील, तर तो दिसतो त्यापेक्षा दुबळा आहे व पुढील वर्षी त्याची घसरण होण्याचा संभव अधिक आहे.

हे सूत्र जसेच्या तसे अन्य खेळांना लावता येत नाही; पण त्यामागील विचार सर्वत्र उपयोगी पडतो. फुटबॉलमध्ये केलेले व स्वीकारलेले गोल, कबड्डीत चढाईचे व पकडीचे गुण, क्रिकेटमध्ये प्रत्येक बळीमागे केलेल्या व दिलेल्या धावा यांची वेगवेगळी नोंद ठेवली, तर दोष आक्रमणात आहे की बचावात, सामन्याच्या आरंभी आहे की अखेरीस, हे स्पष्ट होते. अखेरच्या पंधरा मिनिटांत वारंवार गोल स्वीकारणाऱ्या फुटबॉल संघाला नवा आघाडीचा खेळाडू आणून फारसा लाभ होत नाही. त्याची उणीव दमसासाची असते. रोगाचे निदान न करता औषध देण्याचा प्रकार दुबळ्या संघांत फार आढळतो.

खेळाडूंची फेरनिवड : निदानानंतर कोणाला ठेवावयाचे, कोणाला थांबवावयाचे व कोणाला आणावयाचे, हा प्रश्न येतो. खेळाडूंची तीन गटांत विभागणी करणे सोयीचे ठरते : पुढील तीन-चार वर्षे संघाचा कणा होऊ शकतील असे तरुण, आज उपयुक्त असले तरी उताराला लागलेले अनुभवी खेळाडू, आणि संधी देऊनही ज्यांची प्रगती खुंटली आहे असे. दुसऱ्या गटाविषयीचा निर्णय सर्वांत अवघड असतो. त्यांना एकदम वगळले, तर तरुणांना शिकविणारे कोणी राहत नाही. त्यांनाच धरून बसले, तर तरुणांना जागा मिळत नाही.

बाहेरून आणलेल्या खेळाडूंबाबत रणजी करंडकातील दोन संघांची तुलना उद्‌बोधक आहे. राजस्थानने २०१०-११ मध्ये दुय्यम गटातून खेळून विजेतेपद मिळविले व २०११-१२ मध्ये ते राखले. या संघाचे नेतृत्व मूळ महाराष्ट्राकडून खेळणारे पुण्याचे हृषीकेश कानिटकर करीत होते. आकाश चोप्रा व रश्मी रंजन परिदा हेही बाहेरून आलेले अनुभवी फलंदाज होते. त्यांच्या स्थैर्याला दीपक चहरसारख्या स्थानिक तरुण गोलंदाजाची जोड मिळाली. पदार्पणाच्या सामन्यात चहरने १० धावांत ८ बळी घेतले व हैदराबादचा डाव २१ धावांत संपला. मात्र पुढील दशकात राजस्थानला पुन्हा विजेतेपद मिळाले नाही. पाहुण्या खेळाडूंच्या बळावर शिखर गाठता येते. तेथे टिकून राहण्यासाठी खालून येणारा पुरवठा अखंड असावा लागतो.

शारीरिक तयारी व कौशल्य : विरामकाळाचे टप्पे पाडून प्रशिक्षणाची आखणी करण्याची शास्त्रीय पद्धत सोव्हिएट क्रीडाशास्त्रज्ञ मात्वेयेव्ह यांनी १९६० च्या दशकात मांडली व ती पुढे जगभर रूढ झाली. तिच्या सर्वसाधारण स्वरूपात चार टप्पे येतात. पहिला टप्पा दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीचा. या काळात पोहणे, सायकल चालविणे यांसारखा हलका व्यायाम चालू ठेवतात. कारण पूर्ण विश्रांतीच्या दोन ते चार आठवड्यांत हृदय व फुप्फुसांची कमावलेली क्षमता लक्षणीय प्रमाणात घटू लागते. स्नायूंची ताकद त्या मानाने अधिक काळ टिकते. दुखापतींवरील उपचारही याच टप्प्यात सुरू करतात. जलदगती गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्यास गेलेला बारीक तडा भरून येण्यास काही महिने लागतात व तेवढी सवड हंगामात मिळत नाही.

दुसऱ्या टप्प्यात ताकद व दमसास यांचा पाया घालतात. तिसऱ्या टप्प्यात खेळाशी थेट संबंधित हालचाली व कौशल्ये येतात आणि चौथ्यात सराव सामने खेळवितात. व्यायामाचा भार पायरीपायरीने वाढविणे हा या सर्व आखणीचा गाभा आहे. दोन महिने स्वस्थ बसलेल्या गोलंदाजास एकदम रोज वीस षटके टाकावयास लावली, तर तो हंगामापूर्वीच जायबंदी होण्याचा धोका असतो. कौशल्याच्या बाबतीत प्रत्येक खेळाडूस एका विरामकाळात एक किंवा फार तर दोन दोष निवडून द्यावेत. सर्वच काही सुधारावयास गेल्यास काहीच पक्के होत नाही.

विदर्भाचे उदाहरण : विदर्भाचा संघ अनेक वर्षे रणजी स्पर्धेत दुबळ्यांत गणला जाई व बराच काळ तो दुय्यम गटात खेळला. नागपूर हे संघटनेच्या दृष्टीने महत्त्वाचे केंद्र असूनही संघाची कामगिरी त्यास साजेशी नव्हती. या स्थितीतून बाहेर पडण्यासाठी विदर्भ क्रिकेट संघटनेने निवासी प्रबोधिनी उभारून कुमारवयातील खेळाडूंच्या शिक्षणावर भर दिला. विदर्भाकडून कसोटी क्रिकेटपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव याने २०११ मध्ये कसोटी पदार्पण केले. त्याच्या उदाहरणाने या प्रदेशातील जलदगती गोलंदाजांना आपल्यापुढचा मार्ग दिसला. भारताचे माजी जलदगती गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी यांच्याकडे गोलंदाजांचे प्रशिक्षण सोपविण्यात आले. संघात गणेश सतीश व, २०१५-१६ पासून, वसीम जाफर हे बाहेरचे अनुभवी फलंदाज आले.

अशा रीतीने सामग्री जमली होती. तिला आकार २०१७ च्या विरामकाळात मिळाला. त्या वर्षी भारताचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ चा करंडक जिंकला होता. २०१६-१७ च्या अंतिम सामन्यात गुजरातकडून हरल्यानंतर मुंबईने त्यांच्याशी असलेला संबंध संपविला. शिस्तीबाबत ते कठोर म्हणून प्रसिद्ध आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वर्षी संघ मुळापासून बदलण्यात आला नाही. कर्णधार फैज फजल, जाफर, सतीश, डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे हे आधीपासून संघात होते. प्रामुख्याने बदलली ती त्यांच्याकडून असलेली अपेक्षा व प्रत्येकाच्या कामाची आखणी.

हंगामातील दोन सामन्यांत या तयारीची कसोटी लागली. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावात ११६ धावांची आघाडी घेतली होती. तरीही विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ धावा करून कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले व त्यांना १९२ धावांत बाद करून पाच धावांनी विजय मिळविला. स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानीने या सामन्यात १२ बळी घेतले. इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी मिळविले. त्याच मोसमात पदार्पण केलेला यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने १३३ धावा केल्या व १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला. एका धावेने किंवा एका झेलाने निकाल फिरेल अशा उपांत्य सामन्यात, पिछाडीवर असतानाही संघ खचला नाही, यात विरामकाळातील शिस्तीचे प्रतिबिंब दिसते.

हे यश तात्कालिक नव्हते. विदर्भाने २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. त्या सामन्यात सरवटेने ११ बळी घेतले व वयाची चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हंगामात हजारांवर धावा केल्या. पंडित २०२० मध्ये विदर्भ सोडून मध्य प्रदेशाकडे गेले. तेथेही त्यांनी तरुणांचा संघ घडविला व त्या संघाने जून २०२२ मध्ये बंगळूर येथे मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक पटकाविला. विदर्भाचा संघ मात्र त्यांच्या जाण्याने कोसळला नाही. २०२३-२४ मध्ये तो उपविजेता ठरला आणि २०२४-२५ मध्ये, वाडकरच्या नेतृत्वाखाली, केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या आधारे त्याने तिसऱ्यांदा विजेतेपद मिळविले. त्या हंगामात हर्ष दुबे या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन रणजी स्पर्धेतील एका हंगामाचा विक्रम केला.

प्रशिक्षक गेला, पाहुणे बदलले, तरी संघ उभा राहिला, याचे कारण खालच्या वयोगटांत शोधावे लागते. विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला त्याच २०१७-१८ च्या हंगामात त्याच्या कुमार संघाने १९ वर्षांखालील खेळाडूंची कूचबिहार करंडक स्पर्धाही जिंकली होती. तिच्या अंतिम सामन्यात ३२० धावा करणारा अथर्व तायडे पुढे मुख्य संघाचा सलामीचा फलंदाज झाला. राजस्थान व विदर्भ यांच्यातील फरक येथे दिसून येतो. विदर्भाने पाहुण्या खेळाडूंना रिकाम्या जागा भरण्यासाठी तर आणलेच. परंतु त्यांच्या शेजारी उभे राहून शिकतील असे स्थानिक तरुण आधीच तयार ठेवले होते.

बेसबॉलमधील अनुभव : अमेरिकन बेसबॉलमध्ये हीच कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आली. सेंट लुइस कार्डिनल्स या संघाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी १९२० नंतरच्या काळात लहान शहरांतील कनिष्ठ संघ आपल्या संघाशी जोडून घेतले व खेळाडू विकत घेण्याऐवजी घडविण्याची व्यवस्था केली. पुढे १९६५ पासून नवोदितांच्या वार्षिक निवडीची पद्धत सुरू झाली. तीत तळाच्या संघांस अग्रक्रम मिळत असल्याने दुबळेपणालाही थोडे मूल्य आले. याचा काही संघांनी टोकाचा उपयोग केला. ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघाने २०११, २०१२ व २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ व १११ सामने गमावले, नवोदित निवडले आणि २०१७ मध्ये विजेतेपद मिळविले. पण त्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे संकेत अवैध मार्गाने चोरल्याचे चौकशीत सिद्ध होऊन २०२० मध्ये संघावर कारवाई झाली व त्या यशाला डाग लागला. जेथे तळाचा संघ खालच्या गटात ढकलला जातो, अशा स्पर्धांत जाणूनबुजून दुबळे राहण्याचा हा मार्ग मुळातच बंद असतो.

स्थानिक व ग्रामीण संघ : कोल्हापूर शहरातील फुटबॉल तालीम मंडळांच्या व पेठांच्या अभिमानावर पोसला गेला आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब इ. संघांचे सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर मोठ्या गर्दीत होतात. अलीकडे बाहेरगावचे व काही परदेशी खेळाडूही या संघांतून खेळले आहेत. त्यामुळे सामन्यांचा दर्जा व चुरस वाढते. परंतु पेठेतील मुलगा बाकावरच बसून राहिला, तर ज्या अभिमानावर हा खेळ उभा आहे त्याचाच आधार निसटतो. स्थानिक गुणवत्तेची उणीव नाही, हे कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने दाखवून दिले. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला हा खेळाडू २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला.

ग्रामीण भागातील अडचणी वेगळ्या असतात. आंबा घाटाच्या पूर्वेस, कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील मलकापूर व शाहूवाडी तालुक्याचा आसपासचा प्रदेश अतिपावसाचा आहे. जून-जुलैमध्ये मैदाने चिखलाने भरतात व शेतकरी घरांतील तरुण भाताच्या रोपलावणीत गुंतलेले असतात. अशा ठिकाणी मोठ्या संघांचे वेळापत्रक उचलून उपयोग नाही. लावणीच्या आठवड्यांत अंगमेहनत पुरेशी घडते. तो काळ विश्रांती व पराभवांच्या चिकित्सेसाठी राखावा. त्यानंतर शाळेचे सभागृह, मंदिराची ओवरी किंवा तालीम यांसारख्या छपराखालच्या जागेत ताकदीचा व चपळाईचा व्यायाम घ्यावा आणि पाऊस ओसरताच मैदानावरील सराव सुरू करावा. यासाठी खर्च फारसा लागत नाही. एक वही, एक जाणता मार्गदर्शक आणि आठवड्यातून चार दिवस ठरलेल्या वेळी जमण्याची शिस्त एवढे पुरेसे होते. याच्या जोडीला शाळकरी मुलांचा दुसरा संघ उभा केला, तर दरवर्षी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या खेळाडूंची जागा भरून निघते.

मर्यादा : विरामकाळातील परिश्रम विजयाची हमी देत नाहीत. दुखापत, हवामान, नाणेफेक, पंचांचा निर्णय व प्रतिस्पर्ध्यांची प्रगती यांवर संघाचे नियंत्रण नसते. पुनर्बांधणीस साधारणतः तीन ते पाच हंगाम लागतात आणि पहिल्या वर्षी गुणतक्त्यात फरक दिसेलच असे नाही. म्हणून व्यवस्थापकांनी प्रगती मोजण्याची अन्य साधने ठेवावीत : दुखापतींत घट झाली का, पराभवांतील अंतर कमी झाले का, किती तरुण मुख्य संघात टिकले. प्रेक्षक व चालक यांचा धीर सुटून दरवर्षी प्रशिक्षक बदलला गेला, तर प्रत्येक विरामकाळ पहिला ठरतो व पाया कधीच पुरा होत नाही. विदर्भाला पहिल्या विजेतेपदासाठी साठ वर्षे थांबावे लागले. पण मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था उभी राहिल्यावर पुढची दोन विजेतेपदे त्याने सुमारे सात वर्षांत मिळविली.